रंगवलेल्या गिरणीमागची शारोल्ता

पिंतेर शारोल्ता ही कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या माणसाची मुलगी. तिचे वडील आठवडाभर मेचेक डोंगराच्या पोटात कोळसा फोडायचे आणि रविवारी खाणीच्या बँडमध्ये तुतारी फुंकायचे. घरात सहा पोरं, त्यांतली ही चौथी. उंच, हाडापेराने मोठी, आणि बोलणं अगदी मोजकं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने तिला आठव्या वर्षी व्हायोलिन शिकवायला घेतलं. "या पोरीच्या कानात चोर बसलाय," तो म्हणायचा, "एकदा ऐकलेलं परत म्हणून देत नाही."

पण आमच्या काळी, म्हणजे छत्तीस सालापर्यंत तरी, थिएटरच्या वादकांत बाई बसत नसे. रंगमंचासमोरच्या त्या खड्ड्यात सगळे पुरुष. म्हणून शारोल्ता आमच्या थिएटरात आली ती स्वरलिपी उतरवायला. प्रत्येक वाद्याचा भाग मूळ वहीवरून शाईने वेगळा लिहून काढायचा, हे तिचं काम. जिन्याखालच्या खोलीत ती दिवसभर लिहीत बसे. बोटं कायम निळी.

मी तिथे प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या अगदी पुढच्या काठाला जमिनीत एक पेटी असते. मी तिच्यात बसायची, प्रेक्षकांकडे पाठ करून, डोकं तेवढं फळ्यांच्या वर. नटांचे बूट माझ्या नाकासमोर. त्यांना जे आठवत नाही ते मी कुजबुजायचं. त्यामुळे पुढचं जे सांगतेय ते मी हाताच्या अंतरावरून पाहिलेलं आहे.

त्या वर्षी शरदात आमच्या मॅनेजरने, फेलेकी साहेबांनी, एक नवी संगीतिका आणली. 'वारादीची शपथ'. वारादी दोमोकोश हा आमच्याच जिल्ह्यातला व्हायोलिनवाला, शंभर वर्षांपूर्वीचा. व्हिएन्नात जाऊन इतका गाजला की त्याचं वादन ऐकून बायकांना म्हणे मूर्च्छा यायची. संगीतिकेत तो एका सरदारणीच्या प्रेमात पडतो, रुसवेफुगवे होतात, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो गावाकडच्या जुन्या गिरणीसमोर उभा राहून आपला प्रसिद्ध वेगवान नाच वाजवतो. सरदारणी खेडुतणीच्या वेशात तो ऐकते आणि त्याच्या गळ्यात पडते. गिरणीवाल्याची एक मुलगीही होती त्यात, बोरबाला नावाची. वारादी गाव सोडून गेला म्हणून ती दोन मिनिटं रडते, मग गुत्त्याच्या मालकाशी लग्न करून नाचते. लोक पोट धरून हसायचे.

वारादी झाला होता हाल्मोश तिहामेर. आवाज मधाचा, दिसायला देखणा, आणि ते दोन्ही त्याला पुरेपूर ठाऊक. व्हायोलिन मात्र येत नव्हतं. तेव्हा असं ठरलं की आवाज निघू नये म्हणून त्याने गजाला मेण चोळून नुसते हात हलवायचे, आणि रंगवलेल्या गिरणीच्या पडद्यामागे कुणीतरी खरं वाजवायचं. पडद्यामागे फळ्यांचा एक खण केला, एक माणूस उभं राहील एवढाच. गिरणीच्या खिडकीला बोटभर भोक पाडलं, आतून तिहामेरचा डावा हात दिसावा म्हणून. आमच्या पहिल्या व्हायोलिनवाल्याने तो खण पाहिला आणि म्हणाला, "मी काय उंदीर आहे भिंतीत शिरायला?"

दुसऱ्यानेही नकार दिला. मग वाद्यवृंदाचे मास्तर जिन्याखालच्या खोलीत गेले. शारोल्ताने दौतीला झाकण लावलं आणि त्यांच्यामागून निघाली.

पहिल्या तालमीला तिहामेरने व्हायोलिन उचललं तेव्हा ती भोकातून म्हणाली, "हाल्मोश साहेब, बदक नाही ते. मान मुरगळू नका त्याची."

"तुम्ही वाजवा हो बाई," तो हसून म्हणाला. "तुम्ही वाजवायचं आणि बायकांनी माझ्याकडे बघायचं. कामं वाटून घेतली की झालं!"

प्रयोग उचलला गेला. लोक तिहामेरच्या बोटांची तारीफ करत. शारोल्ता पडद्यामागून मागच्या दाराने घरी जायची. तिला त्याचं फारसं काही वाटत नसे, निदान ती तसं दाखवत नसे. "मला वाजवायला मिळतंय," एवढंच.

आठव्या-नवव्या प्रयोगाला कपडेपटातली बाई तिहामेरवर करवादली. "साहेब, हात धुतले की पुसत जा ना! लेसच्या बाह्या रोज ओल्याचिंब. वाळवू कधी नि इस्त्री करू कधी?"

"मी कुठे धुतले हात?"

"मग काय आकाशातून पडलं पाणी? आणि वास बघा. शेवाळाचा!"

तिहामेरने बाही हुंगली आणि गप्प झाला. तो गप्प झालेला मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

त्याच आठवड्यात शारोल्ताने मला खोलीत बोलावलं. आम्ही पावाला हंसाची चरबी आणि कांदा लावून खात होतो. ती खाता खाता थांबली. "गिझी, तुला तिहामेरचा डावा हात जवळून दिसतो ना?"

"दिसतो की."

"तो चुकत नाही."

"अगं मग बरंच आहे!"

"बरं नाही. चुकायला पाहिजे तो. त्याला सूर कुठे असतो तेसुद्धा माहीत नाही." तिने पाव खाली ठेवला. "आधी तो माझ्या मागून हात हलवायचा. मग बरोबरीने हलायला लागला. आता पुढे जातो. त्याचं बोट आधी पडतं, गिझी, आणि माझं त्यानंतर. मी त्याच्यासाठी वाजवत नाहीये. तो मला वाजवतोय."

मी तिला म्हटलं, झोप कमी होतेय तुझी. पण पुढच्या प्रयोगाला मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि हात बघत राहिले. तिहामेरचा चेहरा सरदारणीकडे, ओठांवर ते नेहमीचं हसू. आणि डावा हात मात्र वेगळ्याच माणसाचा असावा तसा. बोटं तारांवर नेमकी उतरत होती, सुराला थरथर देत होती, आणि आवाज त्यांच्या पाठोपाठ येत होता. विजेनंतर गडगडाट यावा तसा, फक्त केसभर मागून.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये शारोल्ताने आपलं व्हायोलिन त्याच्यापुढे धरलं. "एक सूर काढून दाखवा. कुठलाही."

सगळे जमा झाले. तिहामेरने गज ओढला आणि शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा आवाज आला. कँटीनवाली म्हणाली, "साहेब, मटण नासेल हो!" हसूनहसून लोक आडवे झाले. तोही हसला. पण सगळे पांगल्यावर खुर्ची ओढून आमच्यापाशी बसला.

"शारोल्ता बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "त्या वेळी मला माझे हात जाणवत नाहीत. कोपरापासून पुढे गार पडतात, विहिरीत बुडवल्यासारखे. मी खाली बघत नाही. छाती होत नाही माझी."

शारोल्ताने त्याच्या मनगटाला हात लावून पाहिला, ताप बघतात तसा, आणि पुन्हा लिहायला गेली.

डिसेंबरातला पहिला रविवार. दुपारी तीनचा खेळ. बाहेर गुडघाभर बर्फ, तरीही घसरगाड्या जोडून गावागावांतून लोक आले होते. वरची गॅलरी लोकरी शालींनी आणि लसणाच्या वासाने भरलेली. दुसऱ्या अंकाचा शेवट आला. माझ्या पुस्तकात तिथे लिहिलं होतं, 'वेगवान नाच'. पहिली चार-पाच आवर्तनं तसा वाजलाही. मग तिहामेरचं बोट खालच्या जाड तारेवर सरकलं, आणि गज मंदावला.

जी धून सुरू झाली ती मी कधी ऐकलेली नव्हती. अगदी संथ. फिरून फिरून त्याच तीन सुरांवर येणारी, एखादी बाई कामाच्या तालात स्वतःशीच गुणगुणते तशी. मास्तरांनी काठी उगारली, हवेत मारली, मग ती खाली आणली. खड्ड्यातलं एकेक वाद्य थांबलं. सरदारणी डोळे मोठे करून माझ्याकडे पाहायला लागली, की पुढचं वाक्य काय! मी काय सांगणार? तिहामेरच्या कोपरावरून पाणी ओघळत होतं. माझ्या नाकासमोर फळीवर थेंब पडत होते. मी एका थेंबाला बोट लावलं. बर्फाखालचं पाणी.

वरच्या गॅलरीत कुणीतरी उभं राहिलं. म्हातारीचा आवाज, खणखणीत, दळणाच्या जात्यापलीकडून हाक मारावी तसा: "अगं बोरबाला! इथे गं कशी आलीस तू?"

लोकांनी तिला शूः शूः केलं. त्याच क्षणी धून मध्येच तुटली आणि नाच पुन्हा सुरू झाला, जणू मध्ये काही घडलंच नाही. पडदा पडला. प्रेक्षकांना वाटलं, हे सगळं नाटकातलंच. टाळ्यांनी छत उडायची पाळी आली.

फेलेकी साहेब पडदा पडताक्षणी धावत आले. "हे मयताचं काय वाजवलंत, बाई? माझा नाच कुठे गेला?"

"मी नाही वाजवलं," शारोल्ता म्हणाली. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. "मी गज उचलायला गेले. तो उचलेना."

"तुम्ही नाही, मग कुणी? माझ्या सासूने?"

"वहीत बघा. मीच उतरवली आहे ती वही. अशी धून तिच्यात नाही."

"नाही ना? मग पुढच्या रविवारपासून तुम्हीही नाही. मी ग्रामोफोन लावतो. तो निदान सांगितलं तेवढंच वाजवतो!"

शारोल्ताने वाद घातला नाही. कोट चढवून मागच्या दाराने निघाली, मी तिच्याबरोबर. दारात ती म्हातारी उभी होती. एकावर एक चार परकर, पायात लोकर दाबून केलेले नमद्याचे बूट, हातात झाकलेली टोपली. तेक्ला मावशी तिचं नाव. डोंगरापलीकडच्या गिरणीच्या गावची.

"व्हायोलिनवाला कुठाय तुमचा?"

तिहामेर अर्धा रंग पुसलेल्या चेहऱ्याने तिथेच आला होता. तिने त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, बाजारात बटाटे बघतात तसे. "तू नव्हेस," ती म्हणाली.

"मावशी, मी वाजवत होते," शारोल्ता म्हणाली. "आतून."

म्हातारीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तूही नव्हेस, बाळ. बस इथे. तुम्ही सगळेच बसा."

आम्ही सामानाच्या पेट्यांवर बसलो आणि तिने सांगितलं. बोरबाला ही तिच्या आजीची सख्खी बहीण. नाटकातली नव्हे, खरीखुरी; गोंबोश बोरबाला. जात्यात दाणे घालताना ती एक धून गुणगुणायची, तिची स्वतःची. वारादी दोमोकोश तेव्हा गिरणीत पोती वाहायला होता आणि लग्नांत व्हायोलिन वाजवायचा. त्याने ती धून ऐकली, शिकून घेतली. तिला वचन दिलं: 'मोठ्या लोकांपुढे वाजवीन. आधी तुझं नाव सांगेन, मग वाजवीन. आणि मग तुला न्यायला येईन.'

"गेला," तेक्ला मावशी म्हणाली. "चार वर्षांनी इकडच्याच एका सरदाराच्या कोठीत दोन दिवस वाजवायला आला. ही पायी गेली तिथवर. बर्फातून. खिडकीखाली उभी राहिली दोन्ही दिवस. त्याने सगळं वाजवलं, तेवढं सोडून. खिडकीतून बघितलंसुद्धा तिला. मग म्हणे थंडी येते म्हणून खिडकी लावून घेतली. ही परत आली, चूल पेटवली, आईच्या हाताखाली भाकरीचं पीठ मळलं. आणि पाण्याच्या पाटाची फळी उघडून गिरणीच्या चाकाखाली गेली."

मावशीने टोपलीवरचं झाकण नीट केलं.

"आमच्या घरात बायका म्हणतात ती धून. आतल्या आत. बाहेर कुणी कधी ऐकलेली नाही. आणि तुमच्या नाटकात," म्हातारीने तिहामेरकडे बोट केलं, "तीच बोरबाला गुत्तेवाल्याशी लग्न करून नाचते! वर लोक हसतात!"

दुसऱ्या दिवशी थिएटरला सुट्टी असते. शारोल्ताच्या मनात आलं, की ती धून जिची आहे तिच्या दारात नेऊन वाजवली की फिटलं. तिहामेर येणार नाही असं मला वाटलं होतं. तो सगळ्यांच्या आधी घसरगाडीत येऊन बसला.

गिरणी तीस वर्षं बंद होती. पाट कोरडा, त्यात बर्फ साचलेला. बाहेरचं मोठं चाक बर्फात रुतून गोठलेलं, कुऱ्हाडीनेही हललं नसतं. दुपारचं ऊन होतं, लख्ख. तेक्ला मावशीने कुलूप काढलं. आत जात्याचे दोन दगड एकावर एक, वर कोळ्यांची जाळी. शारोल्ताने हातमोजे काढले आणि ती धून वाजवायला लागली. तिहामेरचे हात खिशात होते, आणि ते खिशातच राहिले.

पहिली ओळ संपली आणि वरचा दगड हलला.

घर्र... असा आवाज करत तो पाव फेरा फिरला. चाक बाहेर गोठलेलं, पाणी नाही, आत आम्ही चौघं. जाळी ताणली गेली, तुटली, हवेत लोंबत राहिली. दगड थांबला. शारोल्ताने पुन्हा गज टेकवला, आणि तो पुन्हा फिरला, यावेळी उलटा, होता तिथे परत.

तिहामेर बाहेर पळाला आणि घसरगाडीत जाऊन बसला.

तेक्ला मावशीने क्रूसाची खूण केली, पण घाबरल्यासारखी नाही. घरातलं पोर हट्ट करतं तेव्हा आई मान हलवते तशी मान हलवली. "इथे नको म्हणते. इथे तिने रोज म्हटलीय. तिला तिथे हवी, लोकांपुढे."

येताना गाडीत, गाव जवळ आल्यावर तिहामेरने विचारलं, "आधी नाव सांगायचं होतं ना त्याने?"

"आधी नाव," शारोल्ता म्हणाली.

पुढच्या रविवारी फेलेकी साहेबांनी खरोखरच ग्रामोफोन आणला. गिरणीमागच्या खणात तो ठेवायला जागा होईना म्हणून विंगेत स्टुलावर मांडला. खण रिकामा. शारोल्ता आपल्या दौती आणि व्हायोलिनची पेटी न्यायला आली होती, तीही विंगेत कोट घालून उभी राहिली. कुणी तिला हाकललं नाही. हाकलायची कुणाची छाती नव्हती बहुधा. आठवडाभरात थिएटरात सगळ्यांना सगळं कळलं होतं.

दुसरा अंक. तबकडीवर सुई टेकली. नाच सुरू झाला, झणझणीत. आणि तिहामेरचे हात संथ हलायला लागले.

आवाज एकीकडे, हात दुसरीकडे. तबकडीवर वीस सूर होत तेव्हा त्याचा गज एकदा सरकायचा. प्रेक्षकांत आधी खसखस पिकली, मग हशा उसळला. "अहो, झोप लागली का?" कुणीतरी खालून ओरडलं. तिहामेरच्या कपाळावर घाम आणि बाह्यांतून पाणी. मी पेटीतून कुजबुजले, "तिहामेर, थांब. थांब आता." कधी कुणाला वाक्याऐवजी असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

त्याने मान खाली केली. पहिल्यांदाच आपल्या हातांकडे पाहिलं. मग फार कष्टाने, जणू दुसऱ्या कुणाच्या मुठीतून सोडवून घ्यावेत तसे हात सोडवून त्याने व्हायोलिन जमिनीवर ठेवलं.

"बंद करा ते," तो विंगेकडे म्हणाला. सुई उचलली गेली.

तो माझ्या पेटीपर्यंत पुढे आला. गाण्याचा आवाज नव्हता तो, साधा, बोलण्याचा. "मी हाल्मोश तिहामेर. मला व्हायोलिन येत नाही. इतके दिवस तुम्ही जे ऐकलंत ते पिंतेर शारोल्ताने वाजवलं, त्या गिरणीमागे उभं राहून. आता ती एक धून वाजवेल. ती धून गोंबोश बोरबालाची आहे. गिरणीवाल्याच्या मुलीची. वारादीने हे सांगायचं कबूल केलं होतं. सांगितलं नाही."

विंगेत फेलेकी साहेब दात-ओठ खात होते. "पडदा! पडदा पाडा!"

पडदेवाला दोर हातात धरून उभा होता. तो डोंगरापलीकडचा, गिरणीच्याच गावचा. "दोर गोठलाय, साहेब," तो म्हणाला.

शारोल्ता बाहेर आली. अंगात तपकिरी कोट, पायात बर्फाचे रबरी बूट, बोटं शाईने निळी. दिव्यांनी तिचे डोळे दिपले, तिने एकदा हाताने आडोसा केला. मग व्हायोलिन खांद्याला लावलं.

आता जे सांगते ते मी, मास्तर, आणि पुढच्या रांगेतल्या काही लोकांनी ऐकलं. बाकीच्यांनी ऐकलं की नाही, सांगता येत नाही. दुसऱ्या ओळीपासून त्या रंगवलेल्या गिरणीमागून कुणीतरी गुणगुणायला लागलं. बाईचा आवाज. जरा घोगरा, सुरात पुरता नसलेला, बरेच दिवस न बोललेल्या माणसाचा असतो तसा. शारोल्तानेही ऐकला. तिचा गज क्षणभर अडखळला. मग तिने चाल किंचित ओढून धरली. गाणाऱ्या माणसाचा श्वास पुरत नसला की साथ करणारा थांबतो ना, तशी ती प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबत गेली, आणि तो आवाज येऊन तिला गाठत गेला. असं शेवटपर्यंत.

संपल्यावर टाळी वाजली नाही. वर गॅलरीत तेक्ला मावशीने नाक शिंकरलं, तेवढंच ऐकू आलं. मग एकेक करून लोक उभे राहिले, चर्चमध्ये राहतात तसे.

तिहामेर आपले हात पुनःपुन्हा उघडून मिटून बघत होता. कोरडे होते ते. तो लहान मुलासारखा रडत होता आणि ते कुणाला दिसतंय याची त्याला पर्वा नव्हती.

अंक संपल्यावर मी खणात डोकावले. फळ्यांवर ओल्या अनवाणी पावलांच्या दोन खुणा होत्या, शेजारी शेजारी, बोटं भोकाकडे. आत येणारी एकही खूण नव्हती. बाहेर जाणारीही नव्हती. मी कुणाला सांगितलं नाही. फडकं आणून पुसायला गेले, आणि मग पुसवेनात. तशाच वाळू दिल्या.

फेलेकी साहेब धंद्याचे पक्के. सोमवारच्या वर्तमानपत्रात बातमी आली, तिकिटांना रांग लागली, आणि ते शारोल्ताच्या घरी टोपी हातात घेऊन गेले. ती म्हणाली, "वाजवीन. पण जाहिरातीवर आधी तिचं नाव, मग माझं. आणि गुत्तेवाल्याशी लग्न काढून टाका." त्यांनी डोकं धरलं, पण काढून टाकलं. ईस्टरपर्यंत खेळ चालला. ते हात पुन्हा कधी ओले झाले नाहीत. तिहामेर शारोल्ताशेजारी नुसता उभा राहून ऐकायचा, आणि लोकांना तेच जास्त आवडायचं.

ईस्टरच्या सोमवारी त्याने तिला लग्नाचं विचारलं. मी तिथेच होते, खसखशीचा रोल कापत. तो थट्टा करत नव्हता.

"तुम्ही चांगले आहात, तिहामेर," शारोल्ता म्हणाली. "पण मी तुम्हाला ओळखते ती तुमच्या हातांवरून. आणि ते हात तुमचे नव्हते. मग माझी ओळख कुणाशी झाली?"

त्या उन्हाळ्यात तो देब्रेत्सेन शहरातल्या थिएटरात गेला. वर्षातून एक पत्र यायचं, मग लढाईत तेही थांबलं.

मे महिन्यात आम्ही गिरणीच्या गावी पुन्हा गेलो. जीव दिलेल्यांना तेव्हा दफनभूमीच्या आत जागा मिळत नसे. बोरबाला भिंतीबाहेर होती, खुणेशिवाय, गवताच्या चिंचोळ्या पट्ट्यात. शारोल्ताच्या भावाने खाणीतल्या आधाराच्या लाकडातून क्रूस कोरला होता. फादर आले नाहीत. त्यांनी घंटा वाजवणाऱ्याला पाठवलं. तो म्हणाला, "फादरनी सांगितलंय, ते आज दिवसभर खिडकीकडे पाठ करून बसणार आहेत. तेव्हा लवकर आटपा." आम्ही आटपलं. तेक्ला मावशीने मूठभर पीठ टाकलं मातीवर.

त्याच वर्षी शरदात शारोल्ता वादकांच्या खड्ड्यात बसली, दुसऱ्या व्हायोलिनांत, सगळ्यात मागच्या खुर्चीवर. पहिल्या महिन्यात कुणी तिच्याशी बोललं नाही, कुणीतरी तिच्या खुर्चीला गोंद लावला. ती वर्तमानपत्र अंथरून बसली आणि वाजवत राहिली. लढाईच्या हिवाळ्यांत कोळसा नसायचा, सगळे कोटात, बोटं उघडी ठेवणारे मोजे घालून वाजवायचे. तेव्हा खाणीतून पोतं मिळवून आणणारी तीच. चोवीस वर्षं ती त्या खड्ड्यात होती. लग्न केलं नाही. दुपारी पोरींना शिकवायची, फुकट, आणि फार रागावायची.

एकोणसत्तरच्या फेब्रुवारीत ती गेली, छातीच्या दुखण्याने, तीन दिवसांत. तिच्या मयताला थिएटरच्या वाद्यवृंदातल्या अकरा बायका आल्या होत्या, वाद्यं घेऊन. पण थंडी इतकी की तारा लागेनात. लावल्या की उतरत. शेवटी त्या नुसत्याच उभ्या राहिल्या, रांगेत, व्हायोलिनं कोटात धरून. आणि मग सगळ्या माझ्याकडे कोबीचं सूप प्यायला आल्या.